पहिलवानाला काय काय यावं

बस डेपोच्या स्टोअरमध्ये माणूस एकदा मुरला की त्याला जगात दोनच गोष्टी दिसायला लागतात: काय कमी आहे आणि काय दोनदा आलंय. स्टोअरकाकांचं तेच झालं होतं. फॅनबेल्ट, गॅस्केट, ब्रेकचे लायनर, आरशाच्या काचा, ज्याचा त्याचा खण ठरलेला आणि खणावर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. एखादी गाडी जॅक न घेता डेपोबाहेर पडली असं कळलं तर त्या दिवशी त्यांना घास गोड लागत नसे. निवृत्ती जवळ आली होती. "काका गेल्यावर स्टोअरचं कसं व्हायचं?" असं कोणी म्हणालं की ते "काही अडत नाही हो" म्हणत, पण घरी येऊन हेच वाक्य काकूंना दोनदा ऐकवत.

त्यांच्या बहिणीची मुलगी पलीकडच्या गल्लीत राहायची. शाळेत चित्रकला शिकवायची. एका रविवारी ती पुठ्ठ्याचा मोठा खोका घेऊन आली.

"मोठे मामा, निवृत्त झालात की तुम्ही मामीच्या डाळीच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसणार. त्यापेक्षा आत्तापासून काहीतरी नाद लावून घ्या."

"चिठ्ठ्या केव्हाच लागल्यात," काकू आतून म्हणाल्या.

खोक्यात एक खेळ होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची: जंगल, किल्ला, राक्षस, जे सुचेल ते. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवायचं. प्रत्येक पात्राचं एक पान. त्यावर त्याचं नाव, धंदा आणि त्याला येणारी चार कौशल्यं. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. कौशल्य पानावर असेल तर छोटा आकडाही चालतो. नसेल तर मोठा लागतो, आणि मोठा आकडा हवा असतो तेव्हा कधी पडत नाही.

टोळी चौघांची जमली. स्टोअरकाका, काकू, खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि स्टोअरकाकांचा धाकटा भाऊ. हा धाकटा त्याच डेपोत टायर विभागात होता. लग्न केलं नव्हतं, मागच्या खोलीत राहायचा. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. अक्षर ओठांशी यायचं आणि दार बंद असल्यासारखं तिथेच धडका मारायचं. त्याला मोकळं करायची स्टोअरकाकांची रीत ठरलेली होती. ते त्याचं वाक्य पुरं करून टाकत. घरीदारी सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की धाकटा अडला की ऐकणारा आपोआप थोरल्याकडे बघायचा.

पात्रं निवडताना काकूंनी तिरंदाजीण घेतली. कंपाउंडरांनी जादूगार घेतला. स्टोअरकाका अर्थात सरदार झाले. धाकट्याने पुस्तकातली चित्रं सावकाश चाळली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. गळ्यात तंतुवाद्य अडकवलेला भाट.

"हा भारी आहे," भाची म्हणाली. "हा शब्दांवर जगतो. पहारेकऱ्याला गोष्ट सांगतो आणि पहारेकरी स्वतः किल्ली देतो."

"भाट?" स्टोअरकाका मोठ्याने हसले. "अरे, तू गोष्ट सुरू करशील आणि ती संपेपर्यंत राक्षस म्हातारपणाने जाईल! तेही बरंच म्हणा, लढाईची दगदग वाचली."

सगळे हसले. कंपाउंडर तर मांडीवर थाप मारून हसले. धाकटाही हसला. हसण्यापुरता तो कधी अडखळत नसे.

"मोठे मामा, पात्र वेगळं आणि माणूस वेगळा," भाची म्हणाली. "आता मी राक्षसीण होणार आहे, म्हणजे मी काय खरी राक्षसीण?"

"ते तुझ्या शाळेतली पोरं सांगतील. पण आहे तो माल बघूनच वाटप करावं लागतं, बाई. ती पानं माझ्याकडे दे. नाहीतर चौघं चार तलवारी घेतील आणि कुलूप लागलं की एकमेकांची तोंडं बघतील."

भाचीने जरा विचार केला आणि पानं दिली. तेवढं काम तिचंही वाचलं.

स्टोअरकाकांनी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या काउंटरवर कोष्टक आखलं. टोळीला काय काय लागेल: कुलूप उघडणं, माग काढणं, जखम बांधणं, जुनी लिपी वाचणं, बोलून मन वळवणं, धोका ओळखणं. एक काम एकाकडेच. काही राहायला नको, काही दोनदा यायला नको. कंपाउंडरांना डॉक्टरांचं अक्षर लागतं, म्हणजे जुनी लिपी त्यांचीच. काकूंनी नाचणं मागितलं होतं. ते निरुपयोगी म्हणून गेलं, त्याजागी जखम बांधणं आणि स्वयंपाक आला.

"म्हणजे तिथेही मीच का?" काकूंनी विचारलं.

"टोळी उपाशी लढणार का?"

मन वळवणं सरदाराकडे गेलं, म्हणजे स्वतःकडे. आणि धाकट्याचा भाट जाऊन तिथे पहिलवान आला. ओझं उचलणं, पोहणं, दोर चढणं, दम रोखून धरणं. चारही कामाची. धाकट्याने पान पाहिलं, मान हलवली आणि घडी करून खिशात ठेवलं.

वाटप खरोखरच चोख होतं. पुढचे कितीतरी रविवार टोळी कुठेच अडली नाही. नदी लागली की पहिलवान दोर घेऊन पलीकडे, कुलूप लागलं की तिरंदाजीण पुढे. स्टोअरकाका डेपोत गाड्यांच्या फिटरांनाही हे सांगत. "माणसाच्या हातात योग्य हत्यार दिलं की झालं," असं म्हणून चहाचा घोट घेत.

मग तो रविवार आला. गोष्टीतल्या एका गावाचं पाणी तुटलं होतं. डोंगरातल्या झऱ्याच्या तोंडाशी एक राक्षसीण उभी होती आणि ती कोणाला पुढे येऊ देत नव्हती. भाचीने आधीच बजावलं होतं की हिच्याशी लढून उपयोग नाही, हिच्याशी बोलावंच लागेल.

"बोलू की," स्टोअरकाका खुर्चीत सरसावून बसले. "सरदार कशाला आहे?"

पण झऱ्याकडे जाणाऱ्या भुयारात विषारी धूर होता. प्रत्येकाने फासा टाकायचा. फासा घरंगळू नये म्हणून टेबलावर बिस्किटांच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं असायचं. त्यात फासा चार वेळा खडखडला. सरदार बेशुद्ध. जादूगार बेशुद्ध. तिरंदाजीण बेशुद्ध. पहिलवानाकडे दम रोखून धरायचं कौशल्य होतं, तो तेवढा उभा राहिला.

"बघा! वाटप कसं कामाला आलं!" बेशुद्ध सरदार म्हणाला.

भाचीने आवाज घोगरा केला आणि धाकट्याकडे वळली. "कोण आहे तिकडे? माझ्या पाण्यापाशी का आलास?"

धाकट्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. असा थेट प्रश्न त्याला क्वचितच कोणी विचारत असे. तो जरा पुढे वाकला.

"बाई," तो म्हणाला, "त-तुझं पाणी न… न…"

कंपाउंडरांनी स्टोअरकाकांकडे बघितलं. काकूंनीही बघितलं.

"नेऊ दे," स्टोअरकाका म्हणाले. "तुझं पाणी नेऊ दे, गाव तहानेलं आहे, असं म्हणतोय तो."

"बेशुद्ध माणसं बोलत नाहीत, मोठे मामा," भाची म्हणाली.

"अगं, मी फक्त…"

"हेच म्हणायचंय का, धाकटे मामा?"

धाकट्याने नेहमीसारखी मान हलवली. हो.

"कौशल्य नाही," भाची पान बघत म्हणाली. "पंधराच्या पुढे लागेल."

फासा झाकणात गरगरला आणि सातावर थांबला. राक्षसिणीने पहिलवानाचा झऱ्यापाशी दगड करून टाकला.

"अरेरे," कंपाउंडर हळहळले. माणूस मनाने निर्मळ, जे दिसेल ते बोलणारा. "मन वळवणं यांच्या पानावर असतं ना, तर सातात सहज निभावलं असतं."

धाकट्याने फासा उचलला, पुसला, खोक्यात ठेवला.

"क-कागदावर तरी बोललो असतो, दादा," तो म्हणाला आणि उठून मागच्या खोलीत गेला.

हे वाक्य मात्र स्टोअरकाकांनी पुरं केलं नाही. ते पुरंच होतं.

समोर कंपाउंडर चपला शोधायला लागले, भाची पानं गोळा करताना उगाच जास्त वेळ लावू लागली. त्या दोघांच्या देखत आपण उघडे पडलो असं त्यांना वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते दोघं सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

थोड्या वेळाने ते स्वतः चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. धाकटा परातीत पाणी घेऊन शेजाऱ्यांच्या सायकलची ट्यूब तपासत होता. ट्यूब पाण्यात दाबायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं.

"खेळ आहे तो. मनावर काय घ्यायचं?"

"ठ-ठीक," धाकटा म्हणाला. वर बघितलं नाही.

कप खिडकीत ठेवून ते परत आले. सकाळी कप तिथेच होता, वर साय धरलेली.

"चहासुद्धा घेतला नाही," ते काकूंना म्हणाले. "इतकं काय मोठं झालं?"

काकू भांडी पुसत होत्या. त्या थांबल्या. "अहो, ते चहा घेतच नाहीत. आवडतच नाही त्यांना."

"काहीतरीच काय! माझ्याबरोबर रोज डेपोत घेतो."

"तुमच्याबरोबर घेतात. तुम्ही घरात नसलात की स्वतःची कॉफी करून पितात. मी या घरात आल्यापासून बघतेय."

"मग कधी बोलला का नाही?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "कँटीनवाला विचारतो तेव्हा उत्तर कोण देतं?"

त्या दिवशी डेपोत, धाकटा यायच्या आधीच, कँटीनवाल्याने नेहमीप्रमाणे लांबूनच दोन बोटं वर केली. "काका, दोन चहा ना?" स्टोअरकाकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "एक," ते म्हणाले. "त्याचं त्याला विचार."

"मौनीबाबांना?" कँटीनवाला हसला. "ते कधी काय सांगतात का?"

मौनीबाबा. सगळ्या डेपोत धाकट्याला हेच नाव होतं. ते कोणी पाडलं हे कोणाच्या लक्षात नव्हतं. स्टोअरकाकांच्या होतं. धाकटा कामावर लागला त्या सकाळी त्यांनीच त्याला टायरच्या शेडमध्ये नेलं होतं आणि सगळ्यांपुढे त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले होते, "हा माझा भाऊ. याला मौनीबाबा म्हणा, चालेल." पोरं हसली होती, धाकटाही हसला होता. त्याला कोणी चिडवू नये म्हणून त्यांनी स्वतःच आधी चिडवून ठेवलं होतं. त्या वेळी आपण त्याला सांभाळून घेतलं असं त्यांना वाटलं होतं. आता स्टोअरमधल्या स्टुलावर बसून ते आठवताना त्यांना समोरच्या खणांकडे मान वर करून बघवेना. प्रत्येक खणावर त्यांच्याच हातची चिठ्ठी होती.

चूक सापडली की दुरुस्त करायची, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी एक नवं कोरं पान घेतलं. धंदा: भाट. पहिलं कौशल्य: बोलून मन वळवणं. दुसरं गोष्ट सांगणं, तिसरं वाद्य वाजवणं, चौथं अनोळखी माणसाशी ओळख काढणं. फार विचार करून, शाईने, सुरेख अक्षरात भरलं आणि शनिवारी संध्याकाळी धाकट्यापुढे धरलं.

धाकट्याने ते वाचलं. दोनदा वाचलं.

"अ-अक्षर छान आहे."

"ते जाऊ दे. कौशल्यं बरोबर आहेत ना?"

"प-परत तूच भरलंस, दादा."

तो रागावून बोलला नव्हता. टायरमध्ये खिळा कुठे आहे हे फिटरला दाखवावं तसं त्याने दाखवलं, एवढंच. स्टोअरकाका हातात पान घेऊन उभे राहिले. माफी मागायला गेलेला माणूस माफी मागता मागता पुन्हा तेच करून बसला होता, आणि आपल्या हाताला दुसरं काही येतच नाही की काय अशी त्यांना भीती वाटली.

ते तसेच चपला घालून भाचीकडे गेले. "एक कोरं पान दे."

"तुमच्याकडे होतं ना?"

"ते मी खराब केलं."

भाचीने पान दिलं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी पानं तुमच्या हातात मीच दिली, मामा. मला वाटलं, बरं झालं, यांना आवडतं तर करू देत." स्टोअरकाकांनी नुसती मान हलवली. त्या चुकीतला वाटा कोणाला द्यावा असं त्यांना वाटत नव्हतं.

कोरं पान आणि शिसपेन्सिल त्यांनी मागच्या खोलीत, धाकट्याच्या रेडिओशेजारी ठेवली. काही बोलले नाहीत. मग आपल्या खोलीत येऊन सरदाराचं पान काढलं आणि त्यावरचं मन वळवणं रबराने खोडून टाकलं.

रविवारी टेबल लागलं. झाकण उलटं ठेवलं गेलं. धाकट्याची खुर्ची रिकामी होती.

"हाक मारू का त्यांना?" काकूंनी विचारलं.

"नको. यायचं तर त्याचा तो येईल."

हे म्हणणं सोपं होतं, बसून राहणं अवघड होतं. कंपाउंडरांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्या कोणी पुढे नेल्या नाहीत. भाची सगळ्यांची पानं तपासू लागली.

"मोठे मामा, तुमची एक जागा रिकामी आहे. काय लिहू?"

"राहू दे रिकामी."

"काय सांगता!" कंपाउंडर म्हणाले. "स्टोअरकाकांकडे रिकामा खण?"

स्टोअरकाका हसले नाहीत. तेवढ्यात मागच्या खोलीची कडी वाजली. धाकटा आला आणि खुर्ची ओढून बसला. खिशातून घडी काढून त्याने पान भाचीला दिलं. ओळी वरखाली गेलेल्या, दोन ठिकाणी खोडाखोड. भाट. बोलून मन वळवणं. पोहणं, कारण ते आवडलं होतं. स्वयंपाक.

"तिसरं वहिनीकडे आहे की," कंपाउंडर म्हणाले. "दोनदा आलं."

"येऊ दे," काकू घाईने म्हणाल्या. "एखाद दिवस मी नाचेन."

चौथ्या जागी त्याने काहीच लिहिलं नव्हतं. पुढे सुचेल, असं तो म्हणाला. स्टोअरकाकांची बोटं टेबलाखाली एकमेकांत गुंतली, पण ते गप्प राहिले.

गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. झऱ्याशी राक्षसीण, शेजारी दगड झालेला पहिलवान. भुयारातून एक भाट आला, त्याच्या गळ्यात वाद्य. भाचीने आवाज घोगरा केला. "आता तू कोण? तू का आलास माझ्या पाण्यापाशी?"

धाकटा पुढे वाकला. "बाई," तो म्हणाला, "त-तुझं पाणी न… न…"

तेच वाक्य, तिथेच अडलेलं. कंपाउंडरांची मान सवयीने थोरल्याकडे वळली. काकूंचीही. स्टोअरकाकांच्या ओठांशी शब्द तयार होता. नेऊ दे. इतका साधा शब्द. तो दिला की समोरच्याची सुटका, आपली सुटका, सगळ्यांची सुटका. त्यांनी नजर खाली घातली आणि झाकणाच्या कडेला आलेल्या गंजाकडे बघत राहिले. धाकट्याचा श्वास ऐकू येत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"न… न-नकोय मला," धाकटा म्हणाला.

स्टोअरकाकांनी मान वर केली.

"पाणी नकोय. तू इ-इतकी वर्षं इथे उभी आहेस. तुला कोणी बस म्हणालं का, एवढंच वि-विचारायला आलोय."

भाची राक्षसिणीचा आवाज काढायचा विसरली. मग तिने हळूच फासा पुढे सरकवला. तो सहावर थांबला. कौशल्य असलेल्याला तेवढं पुरत होतं. राक्षसीण खाली बसली, पाणी वाहायला लागलं, दगडाचा पहिलवानसुद्धा जांभई देऊन हलला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडर "वा, वा" म्हणत राहिले.

स्टोअरकाकांना टाळी वाजवता आली नाही. मागच्या रविवारीही वाक्य हेच होतं. त्यांनी त्याच्या तोंडात 'नेऊ दे' घातलं होतं, आणि त्याने मान हलवली होती. शाळेत मास्तरांपुढे, दवाखान्यात, साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांनी पुरं केलेल्या प्रत्येक वाक्याला धाकट्याने अशीच मान हलवली होती. ते त्याला होकार समजत आले होते. त्यातली किती वाक्यं त्याची होती हे आता विचारून कळणार नव्हतं, आणि विचारायचं तोंडही त्यांच्याकडे नव्हतं.

काकू उठल्या. "टाकते हं. कोण काय घेणार?"

"चहा," कंपाउंडर म्हणाले. "चहाच," भाची म्हणाली.

काकू धाकट्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, भाऊजी?"

"क… क…" धाकटा म्हणाला.

काकूंनी थोरल्याकडे बघितलं नाही. स्टोअरकाकांनी हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि वाट बघत बसले.